औषधी वनस्पतींच्या अर्काची निर्धोकता व प्रयोगशाळेतील उंदीर

वनस्पतींपासून तयार केलेल्या औषधाने एक वेळ गुण येणार नाही, परंतु अपाय तर खचितच होणार नाही, अशी समजूत आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. ही समजूत आधुनिक शास्त्रास धरून नाही. इतकेच नव्हे, तर ती आपल्या वैद्यकपरंपरेसही धरून नाही. तीक्ष्ण विषदेखील योग्य रीतीने योजल्यास उत्तम औषध होते आणि औषधदेखील अयोग्य रीतीने योजल्यास तीक्ष्ण विष होते, असा निःसंदिग्ध अभिप्राय चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिलेला आहे. बचनाग, काजरा, धोतरा ह्यांसारख्या वनस्पती शोधनसंस्कार केल्याशिवाय वापरू नयेत हा दंडकही त्याच जाणिवेतून आलेला आहे. पुढे सोळाव्या शतकात यूरोपात पॅरासेल्ससने, पदार्थ विष ठरतो की नाही हे त्याच्या मात्रेवर अवलंबून असते, हे तत्त्व मांडले. आजच्या विषशास्त्राचा पाया तेच तत्त्व होय.

वनस्पतीला औषधी गुण असतो तो तिच्यातील विशिष्ट रासायनिक द्रव्यांमुळे. सर्पगंधेचे उदाहरण घेऊ. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामांचा निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष ह्या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. मात्र ज्या द्रव्याने रक्तदाब उतरतो, त्याच द्रव्याने काही रुग्णांच्या मनास खिन्नता येते, असेही पुढे वैद्यांच्या अनुभवास आले. ज्या द्रव्यास शरीरात काही घडवून आणण्याचे सामर्थ्य आहे, त्यास अपाय करण्याचेही सामर्थ्य असू शकते. म्हणून प्रश्न ‘वनस्पती निर्धोक आहे काय?’ असा नसून, ‘कोणत्या वनस्पतीचा कोणता अर्क, किती मात्रेत, किती काळ व कोणास दिला असता निर्धोक आहे?’ असा विचारावा लागतो. ह्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील उंदरांकडून कसे मिळविले जाते आणि त्या उत्तरावर कितपत विसंबावे, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

अर्क म्हणजे नेमके काय?

निर्धोकतेच्या परीक्षेचा आरंभ प्राणिगृहात होत नाही. तो वनस्पतिसंग्रहालयात होतो. ज्या वनस्पतीची परीक्षा करावयाची, तिची ओळख प्रथम निश्चित झाली पाहिजे. त्यासाठी फुलाफळांसह वाळविलेला नमुना तज्ज्ञाकडून तपासून घेऊन, त्यास क्रमांक देऊन, तो कायमचा जतन करून ठेवावा लागतो. पुण्यातील भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र किंवा मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लाटर वनस्पतिसंग्रह ह्यांसारख्या ठिकाणी असे नमुने पडताळून पाहता येतात. ही केवळ औपचारिकता नव्हे. २०२१ साली मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी, गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखरीच टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती होती, ह्याची शहानिशा झालेली नाही. ह्या वादात कोणाची बाजू खरी हे येथे ठरवावयाचे नाही. वनस्पतीच्या नमुन्याची नोंद नसली म्हणजे पुढचा सारा वाद अनिर्णित राहतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

ओळख पटल्यावर अर्क काढण्याच्या रीतीचा प्रश्न येतो. पाण्यात उकळून केलेला काढा, मद्यार्कात भिजवून काढलेला अर्क आणि हेक्झेनसारख्या द्रावकाने काढलेला अर्क हे एकाच मुळीचे असले, तरी रासायनिक दृष्ट्या तीन निराळे पदार्थ होत. कारण पाण्यात न विरघळणारी कित्येक द्रव्ये मद्यार्कात सहज उतरतात. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या काढा घेतला जातो, हा अनुभव म्हणूनच मद्यार्कातील अर्काच्या निर्धोकतेचा पुरावा ठरू शकत नाही. शिवाय अर्कात द्रव्ये एकवटलेली असतात. १० किलोग्रॅम वाळलेल्या पाल्यापासून १ किलोग्रॅम शुष्क अर्क निघाला, तर त्या अर्काचा १ ग्रॅम म्हणजे १० ग्रॅम पाला होय. अहवालात ‘अमुक ग्रॅम’ असे लिहिताना ते अर्काचे की पाल्याचे, हे स्पष्ट नसेल तर वाचणाऱ्याची दहापट फसगत होऊ शकते.

ह्याखेरीज वनस्पती कोणत्या ऋतूत व कोणत्या जमिनीतून घेतली, ह्यावरही तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते. म्हणून अर्कातील एक-दोन लक्षणद्रव्यांचे प्रमाण वर्णलेखनाने मोजून नोंदवितात. आणि शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम ह्यांचा अंश तसेच बुरशीपासून उत्पन्न होणारी ॲफ्लाटॉक्सिने अर्कात नाहीत, ह्याचीही खात्री करून घेतात. तसे न केल्यास उंदरास झालेला अपाय वनस्पतीचा की तिच्यातील भेसळीचा, हे सांगता येणार नाही.

उंदराचीच निवड का?

मराठीत आपण लहानमोठ्या अनेक जातींना उंदीर म्हणतो. प्रस्तुत लेखात उंदीर म्हणजे इंग्रजीत ज्यास ‘रॅट’ म्हणतात तो, सुमारे पाव किलो वजनाचा पांढरा उंदीर, असे समजावे. ‘माऊस’ ह्या नावाचा चिमुकला उंदीर नव्हे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत १९०६ च्या सुमारास ज्याची पद्धतशीर पैदास सुरू झाली, तो विस्टार वाण आजही आपल्या प्रयोगशाळांत सर्वांत परिचित आहे.

हा प्राणी आकाराने सोयीचा असून त्याच्यापासून तपासणीपुरते रक्त मिळू शकते. त्याचा गर्भकाल तीन आठवड्यांचा व आयुष्य दोन-तीन वर्षांचे असल्याने जन्मभर औषध देऊन होणारे परिणामही आटोक्यातील काळात पाहता येतात. त्याचे यकृत, मूत्रपिंडे व अंतःस्रावी ग्रंथी ह्यांचे कार्य बहुतांशी माणसासारखेच चालते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निरोगी उंदराच्या रक्ताची, अवयवांच्या वजनाची व वयोमानाने होणाऱ्या विकारांची विपुल माहिती आज जमलेली आहे. त्यामुळे प्रयोगात आढळलेला बदल नैसर्गिक की औषधाने घडलेला, हे ताडून पाहता येते.

परंतु ‘बहुतांशी’ हा शब्द येथे विसरून चालणार नाही. उंदरास ओकारी होत नाही. तेव्हा जो अर्क माणसास ढवळून टाकील, तो उंदराच्या पोटात मुकाट्याने राहील. उंदरास पित्ताशय नसते. त्याच्या जठरास अग्रजठर नावाचा एक भाग असतो, तो माणसास नसतो. डोकेदुखी, मळमळ, घेरी, मनाची उदासीनता ह्या तक्रारी तर तो सांगूच शकत नाही.

पहिली पायरी : एकच मात्रा

पहिल्या परीक्षेत अर्काची एकच मोठी मात्रा देऊन काय होते ते पाहतात. हिला तीव्र विषाक्ततेची परीक्षा म्हणतात. ह्या परीक्षेचा इतिहास बोधप्रद आहे. १९२७ साली ट्रेव्हन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘मध्यम घातक मात्रा’ ही कल्पना मांडली. ज्या मात्रेने गटातील निम्मे प्राणी मरतात ती ही मात्रा होय. डिजिटॅलिस ह्या वनस्पतिज औषधासारख्या, ज्यांची शक्ती दर खेपेस कमीजास्त भरे, अशा औषधांचे प्रमाणीकरण करणे हा तिचा मूळ हेतू होता. पुढे मात्र प्रत्येक नव्या पदार्थाची मध्यम घातक मात्रा काढण्याचा प्रघातच पडला आणि एका आकड्यासाठी अनेक प्राण्यांचा बळी जाऊ लागला. निम्मे उंदीर किती मात्रेने मरतात, ह्या माहितीचा रुग्णावर उपचार करणाऱ्या वैद्यास फारसा उपयोग नाही, हे हळूहळू सर्वांस पटले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ही जुनी पद्धत २००२ च्या अखेरीस आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. आता तिच्या जागी अल्पसंख्य प्राण्यांवर, पायरीपायरीने करावयाच्या पद्धती रूढ आहेत. त्यांपैकी एका पद्धतीत दर पायरीस केवळ ३ प्राणी लागतात.

प्रत्यक्ष कृती अशी असते. सामान्यतः ८ ते १२ आठवडे वयाच्या, गर्भवती नसलेल्या माद्या घेतात. त्यांचे खाद्य रात्रभर बंद ठेवतात, पाणी मात्र बंद करीत नाहीत. सकाळी वजन करून, अर्क पाण्यात किंवा कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजच्या सौम्य द्रवात कालवून, बोथट टोकाच्या नळीने थेट जठरात सोडतात. दर १०० ग्रॅम वजनास १ मिलिलिटरहून अधिक द्रव सहसा देऊ नये असा संकेत आहे. अर्क फारसा विषारी नसावा असा अंदाज असल्यास दर किलोग्रॅम वजनास २,००० मिलिग्रॅम ही सीमामात्रा योजतात. २०० ग्रॅम वजनाच्या उंदरास म्हणजे ४०० मिलिग्रॅम अर्क २ मिलिलिटर द्रवातून द्यावा लागतो. मात्रा दिल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात व पुढील चार तासांत बारकाईने, आणि त्यानंतर १४ दिवस रोज पाहणी करतात. केस उभे राहणे, लाळ गळणे, कंप, आचके, अतिसार, सुस्ती, श्वासाची गती, चालण्यातील डळमळ ह्या सर्वांची नोंद वेळेसह ठेवतात. चौदाव्या दिवसानंतर प्राण्यांस वेदनारहित मृत्यू देऊन सर्व अवयवांची तपासणी करतात.

सीमामात्रेने एकही उंदीर दगावला नाही, म्हणजे काय सिद्ध झाले? एवढेच की, हा अर्क चुकून एकदा पुष्कळ पोटात गेला तर प्राणघातक होण्याचा संभव थोडा आहे. रोज थोडा थोडा अर्क सहा महिने घेणाऱ्या रुग्णाचे काय होईल, ह्याविषयी ही परीक्षा काहीच सांगत नाही. असे असूनही केवळ एवढ्याच आधारावर ‘अर्क पूर्णतः निर्धोक आढळला’ असे विधान करण्याची प्रवृत्ती दिसून येते. ती सर्वथा अयोग्य होय.

दुसरी पायरी : पुनःपुन्हा दिलेली मात्रा

औषध सामान्यतः रोज घ्यावयाचे असते. म्हणून परीक्षाही रोजच्या मात्रेची हवी. ती प्रथम २८ दिवसांची व नंतर ९० दिवसांची करतात. २८ दिवसांच्या परीक्षेत प्रत्येक गटात निदान ५ नर व ५ माद्या, आणि ९० दिवसांच्या परीक्षेत निदान १० नर व १० माद्या असतात. लहान, मध्यम व मोठी अशा तीन मात्रांचे तीन गट आणि चौथा नियंत्रणगट, अशी साधारण रचना असते. नियंत्रणगटास अर्क मिळत नाही, पण ज्या द्रवात तो कालवितात तो द्रव त्याच नळीने, त्याच वेळी मिळतो. कारण रोज हाताळले जाणे व नळी घातली जाणे ह्यांचाही प्राण्यावर ताण पडतो. कोणता उंदीर कोणत्या गटात जावा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवितात.

मोठी मात्रा अशी निवडावी की, तिने काही अपाय दिसावा, परंतु प्राणी मरू नयेत. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. निर्धोकता सिद्ध करावयाची असताना अपाय का शोधावयाचा? त्याचे कारण असे की, अपाय कोणत्या अवयवास व कोणत्या मात्रेपासून होतो हे कळल्याशिवाय त्याच्या अलीकडची सीमा आखताच येत नाही. अपाय न दिसणारी सर्वांत मोठी मात्रा ही ह्या परीक्षेची खरी फलश्रुती होय. दर किलोग्रॅमास १,००० मिलिग्रॅम ह्या मात्रेनेही काही आढळले नाही, तर सामान्यतः त्यापुढे जाण्याचे कारण उरत नाही.

परीक्षेच्या काळात दर आठवड्यास वजन व खाद्याचे मान नोंदवितात. वाढत्या वयाच्या उंदराचे वजन वाढेनासे होणे ही अपायाची सर्वांत साधी व पुष्कळदा सर्वांत आधीची खूण असते. अखेरीस रक्ततपासणी होते. यकृताच्या पेशी फुटल्या तर त्यांतील ॲमिनो-ट्रान्सफरेज जातीची एंझाइमे रक्तात उतरतात. पित्ताचा मार्ग अडल्यास बिलिरुबिन वाढते. मूत्रपिंडांची गाळणी मंदावल्यास यूरिया व क्रिएटिनिन साचतात. तथापि ह्या खुणा उशिरा उमटतात. मूत्रपिंडांच्या कार्यशक्तीचा मोठा भाग खर्ची पडेपर्यंत क्रिएटिनिन चढत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीस पर्याय नाही. यकृत, मूत्रपिंडे, अधिवृक्क ग्रंथी, वृषणे, प्लीहा, थायमस, मेंदू व हृदय ह्यांची वजने करून, ते फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, त्यांचे पातळ काप रंगवून विकृतितज्ज्ञ तपासतो. ज्या अहवालात रक्ताचे आकडे आहेत पण ऊतकांची तपासणी नाही, तो अपुराच समजला पाहिजे.

प्रत्येक बदल म्हणजे अपाय, असेही नव्हे. नवे द्रव्य पचविण्यासाठी यकृत आपली एंझाइमे वाढविते व त्यामुळे किंचित मोठे होते; हा पुष्कळदा जुळवून घेण्याचा प्रकार असतो. असा बदल कायमचा की तात्पुरता हे ठरविण्यासाठी काही जादा उंदीर औषध बंद केल्यावरही काही आठवडे ठेवून पाहतात. बदल ओसरला तर चिंता कमी. टिकून राहिला किंवा वाढला तर ती गंभीर गोष्ट होय.

आकड्यांचा अर्थ

येथे संख्याशास्त्राचे दोन इशारे ध्यानात घ्यावयास हवेत. पहिला असा : ३० निरनिराळी मापे घेतली आणि नेहमीच्या शेकडा ५ ह्या कसोटीने गटांची तुलना केली, तर अर्क पूर्ण निष्क्रिय असला तरी सरासरीने एक-दोन मापांत फरक ‘आढळणारच’. म्हणून तो फरक मात्रेबरोबर वाढतो काय, नर व मादी ह्या दोहोंत दिसतो काय आणि ऊतकांच्या तपासणीशी जुळतो काय, हे पाहावे लागते. केवळ लहान मात्रेच्या गटात दिसणारा व मोठ्या मात्रेत नाहीसा होणारा फरक बहुधा योगायोगाचाच असतो.

दुसरा इशारा ह्याच्या उलट असून अधिक महत्त्वाचा आहे. समजा, एखादा अपाय दर १० उंदरांमागे एकास होतो. मग १० उंदरांच्या गटात तो एकदाही न दिसण्याचा संभव शेकडा ३५ इतका असतो. २० उंदरांच्या गटातही तो शेकडा १२ राहतो. आणि हजारांत एकास होणारा अपाय २० उंदरांत न दिसण्याचा संभव तर शेकडा ९८ भरतो. लक्षावधी लोक जे औषध घेणार, त्याच्या बाबतीत हजारांत एक हे प्रमाण क्षुल्लक नव्हे. उंदरांच्या अशा परीक्षेतून बहुतेकांस होणारे अपाय कळतात. विरळा अपाय कळत नाहीत. त्यांच्यासाठी माणसांवरील नियंत्रित चाचण्या व औषध प्रचारात आल्यानंतरची दक्ष नोंद, हेच उपाय आहेत.

उंदरावरून माणसाकडे

उंदराची मात्रा माणसाच्या वजनाच्या प्रमाणात वाढविली म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु लहान प्राण्याचा चयापचय वजनाच्या मानाने जलद चालतो व औषधाचा निचराही लवकर होतो. म्हणून मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात बदलून घेतात. उंदराच्या दर किलोग्रॅमाच्या मात्रेस ६.२ ने भागले असता माणसाची समतुल्य मात्रा येते. वर सांगितलेली २,००० मिलिग्रॅमांची सीमामात्रा वजनाच्या हिशेबाने ६० किलोग्रॅमांच्या माणसास १२० ग्रॅम भरते. पृष्ठफळाच्या हिशेबाने ती सुमारे १९ ग्रॅमच आहे. दिलासा देणारा आकडा असा एका भागाकारात सहापट आक्रसतो.

माणसावरील पहिल्या चाचणीची आरंभमात्रा ठरविताना ह्याच्याही पुढे जाऊन किमान दहाचा सुरक्षागुणक लावतात. उदाहरणार्थ, एखाद्या अर्काची अपाय न दिसणारी मात्रा उंदरात दर किलोग्रॅमास ५०० मिलिग्रॅम निघाली, तर माणसाची समतुल्य मात्रा सुमारे ८० मिलिग्रॅम, दहाने भागून ८ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोग्रॅमांच्या माणसास दिवसास अर्ध्या ग्रॅमाहून किंचित कमी येते. दहा हा आकडा निसर्गनियम नव्हे. ती आपल्या अज्ञानासाठी राखून ठेवलेली जागा आहे. वृद्ध, गर्भवती किंवा यकृताचे रोगी ह्यांना ती पुरेलच असे नाही.

ॲरिस्टोलोकियाचा धडा

आतापर्यंत केलेले विवेचन कोरडे नियम म्हणून वाचले जाऊ नये, यासाठी एक खरी हकीकत सविस्तर सांगणे अवश्य आहे. ॲरिस्टोलोकिया ह्या वनस्पतिवंशातील जाती जगाच्या अनेक भागांत औषधी म्हणून प्राचीन काळापासून वापरात आहेत. प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून ग्रीक लोक तिचा उपयोग करीत आणि तिच्या नावाचा अर्थही तोच आहे. आपल्याकडील ईश्वरी अथवा सापसंद ही वेल त्याच वंशातील होय. ह्या वनस्पतींतील ॲरिस्टोलोकिक अम्ल शरीराची प्रतिकारशक्ती वाढविते, अशा समजुतीने पश्चिम जर्मनीत त्याची औषधे विकली जात असत. तेथील संशोधकांनी हे अम्ल विस्टार उंदरांस रोज तोंडावाटे तीन महिने दिले. दर किलोग्रॅमास १०, १ व ०.१ मिलिग्रॅम अशा त्यांच्या मात्रा होत्या. उंदरांच्या अग्रजठरात, तसेच मोठ्या मात्रेच्या गटांत मूत्रपिंडांत व मूत्राशयात अर्बुदे झाली. मात्रा व काळ वाढेल तसे त्यांचे प्रमाण वाढत गेले. ह्या निष्कर्षांमुळे ती औषधे १९८१ सालीच तेथील बाजारातून काढून घेण्यात आली व १९८२ साली निबंध प्रसिद्ध झाला. हेच अम्ल जिवाणूंच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडविते, हेही त्याच सुमारास दिसून आले. चौदा दिवसांच्या परीक्षेत ह्यांपैकी काहीही दिसले नसते, हे सांगावयास नकोच.

उंदराने आपले काम चोख बजावले होते. पण पुढील प्रकार पाहावा. १९९० नंतर बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन उतरविण्याच्या एका उपचारात दोन चिनी वनस्पतींची चूर्णे मिसळण्यात आली. त्यांपैकी एक स्टेफानिया टेट्रांड्रा ही असावयाची होती. चिनी व्यापारात तिचे नाव ‘फांग-ची’ असे असून ॲरिस्टोलोकिया फांग्ची ह्या निराळ्याच वनस्पतीसही ‘ग्वांग फांग-ची’ म्हणतात. नामसादृश्यामुळे एकीच्या जागी दुसरी आली. १९९२ साली तेथील वृक्कतज्ज्ञांच्या लक्षात आले की, तरुण व मध्यमवयीन स्त्रिया मूत्रपिंडे झपाट्याने आक्रसून त्यांच्याकडे येत आहेत आणि त्या सर्वांनी हाच उपचार घेतलेला आहे. १९९३ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. कालांतराने अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. ज्यांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली, अशा ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रनलिका प्रतिबंधक उपाय म्हणून काढून तपासण्यात आल्या. तेव्हा १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला, असे २००० साली प्रसिद्ध झाले. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲरिस्टोलोकियायुक्त वनौषधींची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली.

ह्या हकीकतीस आणखी एक पैलू आहे व तो आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. बेल्जियममधील संशोधकांनी वजन उतरविण्याचा तोच उपचार ॲरिस्टोलोकिक अम्लासह उंदरांवर करून पाहिला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उंदरांच्या अग्रजठरात अर्बुदे झाली, परंतु रुग्णांमध्ये दिसलेला मूत्रपिंडांचा तंतुमय ऱ्हास मात्र झाला नाही. पुढे २००१ साली तो सशांत, आणि २००२ साली शरीरातील मीठ कमी केलेल्या विस्टार उंदरांत घडवून आणता आला. म्हणजे कर्करोगाविषयी ज्या उंदराने दहा वर्षे आधी सावध केले, तोच उंदीर नेहमीच्या परिस्थितीत मूत्रपिंडांच्या ऱ्हासाविषयी मौन पाळून होता. शिवाय ज्या अग्रजठरात त्याची अर्बुदे प्रामुख्याने दिसली, तो अवयव माणसास नाहीच. तेव्हा ‘हा उंदरापुरता प्रश्न आहे’ असे म्हणून ती दुर्लक्षिणे सोपे होते. तसे दुर्लक्ष केले असते तर ती घोडचूक ठरली असती. अपायाचे स्थान प्राण्याप्राण्यांत बदलले, तरी अपायाचे मूळ, म्हणजे पेशींच्या आनुवंशिक द्रव्याशी होणारा त्या अम्लाचा संयोग, दोहोंत एकच होते.

प्राण्यांविषयीचे कर्तव्य

ह्या ज्ञानाची किंमत मुक्या जिवांनी मोजलेली असते. १९५९ साली रसेल व बर्च ह्यांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना कमीत कमी होतील अशी पद्धत योजावी. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती असून संस्थेच्या प्राणिनीतिसमितीच्या मान्यतेवाचून प्रयोग करता येत नाही. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांखेरीज अन्य साधनांनी केलेल्या परीक्षांनाही वाव मिळाला आहे. पेशींचे संवर्धन व जिवाणूंवरील परीक्षा आधी कराव्या. त्यांतच अर्क सदोष ठरला तर उंदरांस हात लावण्याचे कारणच उरत नाही. ज्या प्रयोगात वनस्पतीची ओळख निश्चित नाही किंवा गटातील संख्या विचारपूर्वक ठरविलेली नाही, तो प्रयोग अशास्त्रीय तर आहेच, पण अनीतीचाही आहे; कारण त्यातील प्राणी विनाकारण गेले.

समारोप

उंदरांवरील परीक्षा ही वनौषधीस मिळणारे निर्धोकतेचे प्रशस्तिपत्र नव्हे. ती एका मर्यादित प्रश्नास मिळालेले मर्यादित उत्तर होय. अमुक क्रमांकाच्या नमुन्यापासून, अमुक रीतीने काढलेला, अमुक लक्षणद्रव्ये असलेला अर्क, इतक्या मात्रेत इतके दिवस दिला असता, इतक्या उंदरांच्या अमुक अवयवांत अपाय आढळला नाही, असे तिचे खरे शब्द आहेत. ‘अपाय आढळला नाही’ आणि ‘अपाय नाही’ ह्या दोन विधानांतील अंतर संशोधकाने आपल्या अहवालात प्रामाणिकपणे राखावे, आणि अहवाल वाचणाऱ्या वैद्याने व औषधनिर्मात्याने ते बुजवू नये. ब्रुसेल्समधील स्त्रियांना अपाय झाला तो उंदरांनी सांगितले नाही म्हणून नव्हे. उंदरांनी ज्या द्रव्याविषयी सांगितले होते, तेच द्रव्य आपल्या हातातील चूर्णात आहे, हे कोणी तपासून पाहिले नाही म्हणून तो झाला. आपल्याकडे वनौषधींचे अर्क आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात तयार होत आहेत व वैद्याच्या सल्ल्यावाचून घेतले जात आहेत. अशा वेळी वनस्पतीचा नमुना जतन करणे, अर्काचे प्रमाणीकरण करणे व दीर्घकालीन परीक्षा पूर्ण करणे ही कामे कंटाळवाणी म्हणून टाळण्यासारखी नाहीत. औषध विश्वासाने घेणाऱ्या रुग्णाचे रक्षण प्रत्यक्षात त्याच कामांनी होत असते.